स्नायू ढिले करणारं इंजेक्शन दिल्यावर आतडी आणि रक्तवाहिन्या का थांबत नाहीत?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांचं हर्नियाचं ऑपरेशन दुर्बिणीने, पूर्ण भूल देऊन व्हायचंय. भूलतज्ज्ञांनी सांगितलं, ‘अंगातले सगळे स्नायू ढिले करणारं इंजेक्शन देऊ, तेवढा वेळ श्वास मशीनवर चालेल.’ त्यावर मुलाच्या मनात आलं, सगळे म्हणजे आतड्याचे, रक्तवाहिन्यांचे, मूत्राशयाचेसुद्धा? ते ढिले पडले तर बीपी टिकतं कसं? आणि पडत नसतील, तर त्या स्नायूंना आकुंचन पावायला सांगतं तरी कोण? वडिलांना जुना दमा आहे. बीपीसाठी अम्लोडिपिन आणि प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन चालू आहे.

मी स्वतः भूलतज्ज्ञ आहे, त्यामुळे आधी आमच्या बाजूने एक कबूल करतो: ‘सगळे’ हा शब्द आम्ही पेशंटच्या खाटेशी उभं राहून फार सैल वापरतो. ते इंजेक्शन फक्त हाडांच्या आधाराने काम करणाऱ्या, आपल्या मर्जीने हलणाऱ्या स्नायूंना लागू पडतं. हात, पाय, पोटाची भिंत, बरगड्यांमधले स्नायू, श्वासपटल. हृदयाचा स्नायू वेगळा, तो चालूच राहतो. आणि आतडी, श्वासनलिका, रक्तवाहिन्या, मूत्राशय, गर्भाशय, डोळ्याची बाहुली यांच्यात जे स्नायू असतात, शाळेच्या पुस्तकातले अपट्टकी स्नायू, ते या इंजेक्शनला जुमानत नाहीत.

कारण रिसेप्टरमध्ये, म्हणजे पेशीवरच्या रसायन टिपणाऱ्या जागेत आहे. हाताच्या स्नायूजवळ मज्जातंतूचं टोक येतं, तिथून ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन सुटतं आणि समोरच्या निकोटिनिक रिसेप्टरवर जाऊन बसतं. व्हेक्युरोनियम, रोक्युरोनियम, ॲट्राक्युरियम ही आमची औषधं नेमकी तीच जागा अडवतात. या घराण्याचा मूळ पुरुष म्हणजे दक्षिण अमेरिकेतलं बाणांना लावायचं विष, क्युरारे. जानेवारी १९४२ मध्ये माँट्रियलमध्ये हॅरॉल्ड ग्रिफिथ आणि एनिड जॉन्सन यांनी ते ऑपरेशनच्या टेबलावर आणलं, आणि तेव्हापासून पोटाच्या शस्त्रक्रियेचं रूपच पालटलं. आतड्यातल्या आणि श्वासनलिकेतल्या स्नायूंवरही ॲसिटिलकोलिनच काम करतं, पण तिथे रिसेप्टर मस्कारिनिक जातीचा असतो. त्यावर या औषधांची मात्रा जवळपास चालत नाही.

याचा पुरावा आम्हाला ऑपरेशन संपताना रोज दिसतो. हातापायांची ताकद परत आणायला आम्ही निओस्टिग्मिन देतो. ते ॲसिटिलकोलिनचं विघटन रोखतं, म्हणून ते रसायन साचतं आणि अडवलेल्या जागेवरून आमच्या औषधाला हटवतं. पण ते साचतं सगळीकडेच. त्यामुळे नाडी मंदावते, तोंडाला लाळ सुटते, श्वासनलिका आवळू लागते, आतडी खवळतात. म्हणून निओस्टिग्मिन एकटं कधी देत नाहीत, सोबत ग्लायकोपायरोलेट असतंच. ते मस्कारिनिक जागा झाकतं, निकोटिनिक जागेला हात लावत नाही. परिणामी पेशंट मूठ आवळतो, आणि छातीत सूं सूं होत नाही. एकच रसायन दोन जातींच्या स्नायूंना दोन वेगळ्या दारांनी चेतवतं, हे यातून जितकं स्वच्छ कळतं तितकं पुस्तकातून कळत नाही.

आता खरा प्रश्न: हुकूम कोणाचा? हाताच्या स्नायूला मालक एकच, मज्जातंतू. तो तुटला की हात लुळा पडतो. अपट्टकी स्नायूचं तसं नाही. सशाच्या आतड्याचा तुकडा कापून, सगळ्या नसा तोडून, शरीराच्या तापमानाच्या क्षारद्रावणात टांगला आणि प्राणवायूचे बुडबुडे सोडले, तर तो तासन्‌तास स्वतःच्या लयीत आवळत-सुटत राहतो. हा प्रयोग रुडॉल्फ माग्नुस यांनी १९०४ मध्ये मांडला. आपल्याकडच्या मेडिकल आणि फार्मसी कॉलेजांत कित्येक पिढ्यांनी तो काजळी धरलेल्या फिरत्या ड्रमवर रेषा उमटवत केला. आता तो बहुतेक ठिकाणी संगणकाच्या पडद्यावर दाखवतात, ज्याचं सशांच्या वतीने मला बरंच वाटतं. त्या द्रावणातलं कॅल्शियम काढून टाकलं की हालचाल मरते. परत घातलं की सुरू होते. पोटॅशियम वाढवलं तर तुकडा नसेशिवायही आवळून बसतो. म्हणजे नस हा त्या स्नायूचा मालक नाही. ती फार तर वरचेवर सूचना देणारी आहे. बाकीही बरेच जण त्याला सूचना देतात, आणि त्या सगळ्या शेवटी पेशीतल्या कॅल्शियमपाशी येऊन मिळतात.

इथे थोडं आत शिरू, कारण पुढची औषधं याच्याशिवाय समजणार नाहीत. स्नायूपेशी शांत असताना आतलं मोकळं कॅल्शियम बाहेरच्यापेक्षा साधारण दहा हजार पट कमी असतं. पेशी ते सतत उपसून बाहेर टाकते किंवा आतल्या साठ्याच्या पिशव्यांमध्ये भरते. चेतना मिळाली की ही पातळी काही पटींनी वाढते. मग चार कॅल्शियम आयन कॅल्मोड्युलिन नावाच्या प्रथिनावर बसतात. ती जोडी मायोसिन लाइट चेन कायनेज या विकराला जागं करते. ते विकर मायोसिन या ओढणाऱ्या प्रथिनाच्या मानेजवळच्या छोट्या साखळीवर एक फॉस्फेट चिकटवतं. फॉस्फेट चिकटलं की मायोसिन ॲक्टिनच्या धाग्याला धरून ओढू लागतं, आणि यालाच आपण आकुंचन म्हणतो.

हाताच्या स्नायूत यातलं बरंचसं नसतं. तिथे मायोसिन कायम सज्ज असतं, फक्त ॲक्टिनवर ट्रोपोनिन नावाच्या प्रथिनाचा पहारा असतो. कॅल्शियम आलं की पहारा बाजूला होतो आणि काही मिलिसेकंदांत स्नायू आखडतो. अपट्टकी स्नायूत ट्रोपोनिन नाही, मायोसिनलाच आधी तयार करावं लागतं. म्हणून सुरुवात व्हायलाच ५० ते १०० मिलिसेकंद जातात आणि एक आकुंचन सेकंदभर ते तीन सेकंद चालतं. या संथपणाचा मोबदला मात्र घसघशीत आहे. एकदा आवळून बसल्यावर हा स्नायू तोच ताण टिकवायला हाताच्या स्नायूच्या दहाव्या ते तीनशेव्या हिश्शाइतकीच ऊर्जा खर्च करतो. रक्तवाहिन्यांना जन्मभर, झोपेतसुद्धा, ताण धरून ठेवायचा असतो. दंडाच्या स्नायूच्या खर्चाने हे काम करायचं म्हटलं असतं, तर आपण खाण्यापलीकडे दुसरं काही केलं नसतं.

ताण किती राहील हे नुसत्या कायनेजवर ठरत नाही, आणि ही गोष्ट प्रश्न विचारणारे बहुतेक जण सोडून देतात. चिकटवलेलं फॉस्फेट काढून टाकणारं दुसरं विकरही शेजारीच असतं, फॉस्फॅटेज. बुडाला भोक असलेली बादली नळाखाली ठेवली आहे असं समजा. नळ म्हणजे कायनेज, भोक म्हणजे फॉस्फॅटेज, आणि पाण्याची पातळी म्हणजे स्नायूचा ताण. नळ तेवढाच ठेवून भोकावर बोट धरलं तरी पातळी चढते. शरीरात हे बोट धरणारं विकर आहे, त्याला ऱ्हो कायनेज म्हणतात. त्यामुळे कॅल्शियम फारसं न वाढताही रक्तवाहिनी आवळलेली राहू शकते. उलट नायट्रिक ऑक्साइड कॅल्शियम कमी करून नळ बारीक करतं आणि भोकही मोठं करतं. छातीत कळ आल्यावर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी हेच करते. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरातून वाहिनी सैल करणारं काहीतरी सुटतं हे रॉबर्ट फर्चगॉट यांनी १९८० मध्ये दाखवलं. ते म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हे नंतर कळलं, आणि १९९८ चं नोबेल त्यांना, इग्नॅरो आणि मुराद यांना मिळून मिळालं. या वाटेवरचा संदेश टिकवून धरणारं सिल्डेनाफिल (व्हायग्रा) घेतलेल्या माणसाला सॉर्बिट्रेट दिली तर बीपी धोकादायक रीतीने कोसळतं. असा पेशंट लाजेपोटी गोळीचं नाव सांगत नाही, म्हणून आम्ही नातेवाइकांना बाहेर पाठवून विचारतो.

मग कॅल्शियम आत येतं कोणकोणत्या निमित्ताने? आतडं स्वतःची लय स्वतः धरतं. भिंतीत काहाल पेशी असतात, स्पॅनिश शास्त्रज्ञ रामोन ई काहाल यांच्या नावाच्या. त्या जठरात मिनिटाला साधारण तीन आणि लहान आतड्याच्या सुरुवातीला बारा या दराने विजेच्या संथ लाटा उठवतात. लाट पुरेशी उंच झाली की पेशीच्या पडद्यातली विद्युतदाबावर उघडणारी कॅल्शियमची दारं उघडतात. शेजारच्या पेशी एकमेकींना सूक्ष्म पुलांनी जोडलेल्या असल्यामुळे लाट सगळ्या भिंतीत पसरते. नसा इथे हाताच्या स्नायूसारख्या एकेका पेशीला येऊन भिडत नाहीत. त्यांच्या तंतूवर मण्यांसारखे फुगवटे असतात, त्यांतून रसायन आसपास सांडतं आणि आवाक्यातल्या पेशी ते टिपतात. काही रसायनं विजेची वाट न धरता, रिसेप्टरवर बसून, आतल्या पिशव्यांमधलंच कॅल्शियम सोडवतात. नॉरॲड्रिनलिन रक्तवाहिनीत, ॲसिटिलकोलिन श्वासनलिकेत आणि ऑक्सिटोसिन गर्भाशयात मुख्यतः या वाटेने जातं.

नुसता ताणसुद्धा पुरतो. रक्तवाहिनीत दाब वाढला की ती आपणहून आवळते, हे बेलिस यांनी १९०२ मध्ये नोंदवलं. तुम्ही खुर्चीतून उठता-बसता तेव्हा मेंदूचा रक्तपुरवठा सांभाळण्यात याचा मोठा वाटा आहे. मुतखडा मूत्रवाहिनीत अडकल्यावरच्या कळांचं मूळही ताणातच आहे. वर साचलेलं मूत्र भिंत ताणतं, भिंत जोराने आवळते, त्यात प्रोस्टाग्लँडिन या कळ वाढवणाऱ्या रसायनाची भर पडते. म्हणून तिथे ते कमी करणारं डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन इतकं गुणकारी ठरतं. पाळीच्या कळांवर मेफेनॅमिक आणि डायसायक्लोमिनची जोडगोळी घरोघरी घेतात, तिच्यातलं मेफेनॅमिक हेच प्रोस्टाग्लँडिन कमी करतं, तर डायसायक्लोमिन मस्कारिनिक जागा झाकतं.

आता ‘परिस्थितीवर अवलंबून’ हा भाग, आणि तो खूप मोठा आहे. ‘ॲड्रिनलिनने अपट्टकी स्नायू आवळतो की सुटतो?’ असं कुणी विचारलं तर मी आधी ‘कुठला?’ असं विचारेन. त्वचेच्या रक्तवाहिन्यांत ॲड्रिनलिन टिपून आवळायला लावणारे अल्फा-१ रिसेप्टर जास्त, म्हणून त्या आवळतात. श्वासनलिकेत सैल करणारे बीटा-२ जातीचे, म्हणून ती सैल होते. औषधाची जबरदस्त ॲलर्जी येऊन बीपी खाली आणि छाती बंद अशी अवस्था झाली की आम्ही सगळ्यात आधी मांडीत ॲड्रिनलिन का टोचतो, याचं उत्तर यातच आहे. दोन्ही संकटांवर ते उलट्या दिशांनी काम करतं आणि दोन्हीकडे हवं तेच घडतं. प्राणवायू कमी पडला तर बाकी शरीरातल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि फुफ्फुसातल्या मात्र आवळतात. तेही शहाणपणाचंच, हवा न पोहोचणाऱ्या कोपऱ्यात रक्त पाठवून काय उपयोग?

माझं सगळ्यात आवडतं उदाहरण कमरेतून दिलेल्या भुलेचं आहे, आणि उघड्या पद्धतीने करायचं असतं तर तुमच्या वडिलांचं ऑपरेशनही तशा भुलेत झालं असतं. मणक्यात दिलेलं औषध पाय बधिर करतं, आणि सोबत सिंपथेटिक, म्हणजे आपल्या मर्जीबाहेर काम करणाऱ्या नसाही बंद पाडतं. रक्तवाहिन्यांना आवळून धरणाऱ्या सूचना त्यांच्यातूनच येत असतात, म्हणून त्या सैल पडतात आणि बीपी उतरतं. आतड्याला मात्र याच नसा ‘हळू’ म्हणत असतात. त्या गप्प झाल्या की आतडं आवळून लहान होतं आणि जोमाने चालू लागतं. एकच नस बंद केली, एकीकडे स्नायू ढिला पडला, दुसरीकडे ताठला. प्रसूतीच्या ऑपरेशनमध्ये आम्ही दर वेळी हे पाहतो आणि बीपी चढवणाऱ्या फिनाइलेफ्रिनची सिरिंज भरूनच तयार ठेवतो. बाळ बाहेर आल्यावर गर्भाशय आवळावं म्हणून ऑक्सिटोसिन देतो. तेच ऑक्सिटोसिन गर्भारपणाच्या पहिल्या महिन्यांत गर्भाशयाला फारसं हलवत नाही, कारण रिसेप्टर आणि पेशींमधले पूल दिवस भरत येतात तेव्हाच भराभर वाढतात. आणि रक्तस्राव थांबत नसला तरी दमा असलेल्या बाईला कार्बोप्रॉस्ट टोचायला आम्ही धजत नाही, कारण ते गर्भाशयासोबत श्वासनलिकाही आवळतं.

दम्यावरून वडिलांकडे येतो.

स्नायू ढिले करणारं इंजेक्शन त्यांची श्वासनलिका सैल करणार नाही, हे आता लक्षात आलं असेल. उलट घशातून नळी घालताना त्या स्पर्शाने श्वासनलिकेला आवळायला सांगणारी व्हेगस नस चेतवली जाते आणि दमेकऱ्याची श्वासनलिका एकदम आवळू शकते. ते टाळायला आम्ही आधी श्वासनलिका सैल करणाऱ्या साल्ब्युटामॉलचे पफ देतो, पुरेशी खोल भूल आल्याशिवाय नळी घालत नाही, भूल टिकवायला सहसा सेव्होफ्लुरेन वापरतो कारण तो वायू श्वासनलिका सैल ठेवतो. ॲट्राक्युरियममुळे कधी कधी श्वासनलिका आवळणारं हिस्टामिन सुटतं, म्हणून अशा पेशंटला मी ते देत नाही. माझ्या काही सहकाऱ्यांना ही काळजी जास्तीची वाटते. हळूहळू दिलं तर चालतं हे त्यांचं म्हणणं खोटं नाही, पण दुसरं औषध हाताशी असताना मला तो धोका पत्करायचा नसतो.

अम्लोडिपिन रक्तवाहिन्यांच्या स्नायूंमधली कॅल्शियमची विद्युतदाबाची दारं अडवतं. ‘मग हातपाय कसे लुळे पडत नाहीत?’ असं एका विद्यार्थिनीने मला विचारलं होतं, आणि प्रश्न चोख होता. हाताचा स्नायू आकुंचनासाठी बाहेरच्या कॅल्शियमची वाट बघतच नाही, त्याचा आतला साठा पुरेसा असतो. ही गोळी ऑपरेशनच्या दिवशी सकाळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायला आम्ही बहुधा सांगतो. टेल्मिसार्टनच्या जातीच्या बीपीच्या गोळ्या मात्र बरेच जण आदल्या दिवसापासून थांबवतात, कारण त्यांच्यावर भूल दिली की बीपी हट्टाने खाली राहतं. तुमच्या वडिलांच्या चिठ्ठीत दोन्ही एकत्र असलेली गोळी नाही ना, तेवढं पाहा. अशा जोडगोळ्या आपल्याकडे फार चालतात आणि घरचे त्यातलं एकच नाव सांगतात. भुलेत बीपी उतरलंच तर फिनाइलेफ्रिनसारखी औषधं अल्फा-१ वरून आतला साठा सोडवून आणि भोकावर बोट धरून काम करतात, त्यामुळे अम्लोडिपिन चालू असलं तरी ती लागू पडतात.

टॅम्सुलोसिन प्रोस्टेटमधले आणि मूत्राशयाच्या तोंडाशी असलेले स्नायू सैल ठेवतं. ते चालू ठेवलेलं बरं, कारण हर्नियानंतर म्हाताऱ्या पुरुषांची लघवी अडणं ही नेहमीची डोकेदुखी आहे. मूत्राशय रिकामं व्हायला त्याची भिंत आवळावी लागते, आणि ती ॲसिटिलकोलिनवर, मस्कारिनिक दाराने आवळते. आम्ही शेवटी दिलेलं ग्लायकोपायरोलेट तेच दार झाकतं, ओपिऑइड, म्हणजे मॉर्फिनच्या जातीची वेदनाशामकं, त्यात भर घालतात. रोक्युरोनियम वापरलं असेल तर त्याचा असर सुगामाडेक्सने उतरवता येतो. ते त्या औषधालाच घेरून निकामी करतं, ॲसिटिलकोलिनच्या वाटेला जातच नाही, म्हणून ग्लायकोपायरोलेटची गरज सहसा उरत नाही. दमा आणि प्रोस्टेट दोन्ही असलेल्या माणसासाठी मी तेच निवडेन. पण ते महाग आहे, सगळीकडे मिळत नाही, आणि मूत्रपिंड फार बिघडलेलं असेल तर विचार करावा लागतो. हे तुमच्या भूलतज्ज्ञांशी बोलून ठरवा. पुढेमागे वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं तर डोळ्यांच्या डॉक्टरांना टॅम्सुलोसिनचं नाव आठवणीने सांगा. बाहुली रुंद करणारा स्नायूही अल्फा-१ वरच चालतो, आणि या गोळीमुळे ऑपरेशनच्या मध्येच बाहुलीचा पडदा लुळा पडतो, हे २००५ मध्ये लक्षात आलं.

आतड्याचं विचारलंत म्हणून: नंतर एखादा दिवस पोट जड वाटेल, वायू लवकर सरणार नाही. त्याचा दोष स्नायू ढिले करणाऱ्या इंजेक्शनला देऊ नका. ओपिऑइडमुळे आतड्याचा ताण कमी होत नाही, उलट काही ठिकाणी वाढतो, पण पुढे ढकलणारी लयबद्ध हालचाल मोडते. आवळणं आणि पुढे सरकवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वडिलांना उठवून चालवलं आणि वेदनेसाठी ओपिऑइड कमीत कमी वापरले तर गाडी बहुधा लवकर रुळावर येते.

तपासणीला जाताना शेवटचा दम्याचा झटका कधी आला, गेल्या वर्षभरात स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्या का, आणि ॲस्पिरिन किंवा डायक्लोफिनॅकने कधी दम लागला का, हे लिहून न्या. यातला शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा, कारण ऑपरेशननंतर तेच वेदनाशामक द्यायचा मोह होतो. ऑपरेशनच्या सकाळी नेहमीचा पंप चुकवू नका, आणि तो वॉर्डातल्या कपाटात न ठेवता वडिलांबरोबर थिएटरच्या दारापर्यंत पाठवा.